निळीचे डोळे

खोलीत तिघेजण आहेत. चहावर साय धरली आहे. पंख्याच्या वाऱ्याने टेबलावरच्या चित्राचा एक कोपरा उचलला जातो, पडतो, पुन्हा उचलला जातो. पाहुण्याने नुकतेच विचारले आहे, "मॅडम, त्या खिडकीपाशी उभ्या होतात, तेव्हा तुमच्या मनात काय चाललं होतं?" जिला विचारले ती माझ्याकडे पाहते आहे. तिची मुलगी तिच्याकडे पाहते आहे. माझ्याकडे पाहून काही उपयोग नाही हे मुलीला ठाऊक आहे. मला चेहरा आहे, तोंड नाही.

मित्रांनो, हे उत्तर सोपे नाही. ते येईपर्यंत माझी कहाणी ऐका.

मी एक जुना मुखवटा आहे. रबराचा, निळा, कपाळावर तीन उंचवटे असलेला. माझा एक कान तडकला आहे आणि हनुवटीचा रंग पोपडे धरून गळतो आहे. एके काळी घरोघरी, दिवेलागणीच्या सुमारास, मुले दूरचित्रवाणीसमोर माझ्यासाठी मांडी घालून बसत. दोन सूर्यांच्या ग्रहावरून पृथ्वीवर आलेल्या एका दूताची ती मालिका होती. त्या दूताला मालिकेत भारदस्त नाव होते, पण मुलांनी तिला 'निळी' म्हटले आणि तेच टिकले.

माझा जन्म, जी आता माझ्याकडे पाहते आहे तिच्या, निळी झालेल्या नटीच्या, चेहऱ्यावर झाला. रंगभूषा करणाऱ्या काकांनी तिला खुर्चीत मागे रेलायला लावले, नाकपुड्यांत दोन नळ्या बसवल्या आणि ओल्या प्लास्टरचे थर चढवायला सुरुवात केली. ती तेव्हा ऐन तारुण्यात होती. काका काही बोलले की तिला हसू फुटायचे. काका म्हणाले, "हसू नकोस गं बाई. आत्ता हसलीस तर ते हसू जन्मभर काढता यायचं नाही." प्लास्टर वाळले, त्या साच्यावरून मी ओतला गेलो. म्हणूनच मी बाहेरून परग्रहावरचा असलो तरी आतून तिचा आहे. मला उलटा धरून पाहा: तिचे नाक, तिच्या गालफडांची उंची, न फुटलेले ते हसू, सगळे आत पोकळीच्या रूपात अजून आहे. तिच्या चेहऱ्यावरून ते केव्हाच ओसरले. माझ्यातून ओसरायला त्याला वाट सापडली नाही.

मी तिला एकेरीच संबोधतो. जिच्या घामात इतकी वर्षे भिजलो तिला अहो-जाहो करणे मला जमायचे नाही.

काम कष्टाचे होते. सकाळी काका डिंकासारख्या चिकट द्रवाने मला तिच्या कातडीला जोडत, आणि संध्याकाळी कोमट पाण्याच्या बोळ्याने, हनुवटीपासून सुरुवात करून, सोडवत. मधल्या वेळात तिला जेवता येत नसे; नळीने पातळ सूप ओढायचे, नळीनेच चहा. खाज सुटली तर मानेपाशी विणकामाची सुई सरकवायची. दिव्यांच्या धगीत तिचा घाम माझ्या कडेशी साठे, आणि दोन दृश्यांच्या मध्ये ती वाकून तो ओतून टाकी, एखाद्याने पावसात भिजलेला बूट रिकामा करावा तसा. मी तिच्या भुवया घेतल्या, कपाळ घेतले, गाल घेतले. तिच्याकडे फक्त डोळे उरले. मग ती घरी तोंडाला टॉवेल गुंडाळून आरशासमोर बसू लागली आणि राग, माया, भीती, सगळे त्या दोन फटींतून बाहेर काढायला शिकली. लहान मुलगी शेजारी बसून ओळखायची: आई, हा राग. आई, ही भूक.

मित्रांनो, कीर्ती आली ती माझ्याकडे आली. दप्तरांवर मी, फुग्यांवर मी. एकदा भाजीवालीच्या पिशवीवर मी छापलेला पाहून तिला राहवले नाही. ती म्हणाली, की ही मीच. भाजीवालीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकत म्हणाली, "असू दे हो ताई. तुम्ही निळी, तर मी चंद्र." घरी येऊन तिने हे सांगितले तेव्हा सगळे पोट धरून हसले. तीही हसली. सर्वांत आधी थांबली तीच.

आता त्या खिडकीविषयी.

निळीचे यान पृथ्वी सोडून जाते, ती गोल खिडकीपाशी उभी राहून मागे पाहते, असे ते दृश्य होते. संवाद नाही, फक्त डोळे. त्याच सकाळी तिच्या मुलीला ताप चढला आणि दवाखान्यात ठेवावे लागले. तिने निरोप धाडला, मी आज येऊ शकत नाही. पण यानाचा देखावा दुसऱ्या दिवशी मोडायचा होता. ती जागा दुसऱ्या मालिकेला दिलेली होती. तेव्हा कोणाला तरी आठवले, की दिव्यांची मांडणी करताना तिच्या जागी जी मुलगी उभी केली जाते, तिची उंची हुबेहूब तेवढीच आहे.

काकांनी मला त्या मुलीच्या चेहऱ्यावर चढवले. मी परक्या हाडांवर प्रथमच बसलो. तिचे नाक जरा उंच होते. माझी आतली कड तिथे रुतत होती, हे मला कळत होते आणि मला काही करता येत नव्हते. कॅमेरा सुरू झाला. ती खिडकीतून पाहत राहिली आणि तिचे डोळे हळूहळू भरून आले. ते पाणी माझ्या आत उतरले. ते माझ्या रुतण्याने आले, की आज आपल्याला सगळे जग पाहील आणि कोणालाच ते कळणार नाही या जाणिवेने, मला सांगता येत नाही. काकांनी मला सोडवले तेव्हा तिच्या नाकावर लाल वळ होता. निर्मात्यांनी सगळ्यांना सांगितले, ही गोष्ट बाहेर जाता कामा नये. ती मुलगी पुढे कामावर आली नाही.

तो भाग लागला तेव्हा नटीची लेक बरी होऊन तिच्या मांडीवर बसली होती. पडद्याकडे पाहत मुलगी म्हणाली, "आई, ही तू नाहीयेस." आणि ती म्हणाली, "गप. मीच आहे." लोकांनी त्या दृश्याला डोक्यावर घेतले. भेटेल तो त्याच डोळ्यांविषयी बोले, आणि ती मान डोलावे. मान डोलावून डोलावून माणूस किती थकतो, हे मी तिच्या खांद्यांवरून शिकलो.

मालिका संपली. ती उघड्या चेहऱ्याने काम मागायला गेली. लोक म्हणाले, चेहरा ओळखीचा नाही. आणि तोंड उघडले की म्हणाले, आवाज अगदी निळीसारखा आहे, चालायचे नाही. काही वर्षे तिने खेळण्यांना आवाज दिले. मी कपाटावर, जुन्या उशीच्या अभ्र्यात. रबर कडक होत गेले. धूळ माझ्या डोळ्यांच्या खाचांत बसली आणि तिला तिथून हुसकायला कोणी आले नाही.

आज हा पाहुणा आला आणि तिने मला अभ्र्यातून काढून टेबलावर ठेवले. तो दिग्दर्शक आहे, आणि मालिका नव्याने करतो आहे. टेबलावरचे चित्र वृद्ध झालेल्या निळीचे आहे. निळी परत येते, आणि ती भूमिका त्याला हिलाच द्यायची आहे. लहानपणी तो खिडकीचा प्रसंग पाहून उशीत तोंड खुपसून रडला होता. म्हणूनच आपण या धंद्यात आलो, असे त्याने सांगितले. "बाकी सगळं मी संगणकावर करीन, मॅडम. ते डोळे तेवढे मला करता येणार नाहीत." हे ऐकून तिच्या चेहऱ्यावर असा उजेड आला होता, जो मी साच्यात असताना शेवटचा पाहिला होता. काम. पुन्हा काम. आणि मग त्याने तो प्रश्न विचारला.

मुलगीच पुढे सरसावते आहे. "आईला त्या प्रसंगाबद्दल बोलायला आवडत नाही, सर. फार जवळचा आहे ना." आणि मग खालच्या आवाजात, "आई, असू दे ना. इतकी वर्षं झाली."

ती मला उचलते. लोक मला समोरून पाहतात. ती मला उलटा करते आणि आत पाहते. तिचा अंगठा माझ्या नाकाच्या पोकळीवरून फिरतो, जिथे त्या मुलीला मी रुतलो होतो.

"तिथं मी नव्हते," ती म्हणते. "माझी लेक आजारी होती. माझ्या जागी दिव्यांसमोर उभी राहायची ती मुलगी होती. तिचं नाव कुठंच आलं नाही. ते डोळे तिचे."

पंखा फिरतो आहे.

"बाकी सगळे भाग माझे," ती म्हणते. "त्यातले डोळे माझे. आता सांगा, मी चालेन का तुम्हाला?"

मित्रांनो, माझे मागणे थोडेच आहे. जुन्या वस्तू जपा, धूळ झटका, हे तर खरेच. पण ज्या चेहऱ्यावर तुम्ही माया केली त्याला एकदा उलटा करून आत पाहा. आत कोणीतरी घामाने भिजत उभे असते. कधी एक, कधी दोघी.

पाहुणा माझ्याकडे पाहतो. मग तिच्या डोळ्यांकडे, बराच वेळ, जणू तिथे काही हरवले आहे. चित्र तो उचलत नाही. विसरला, की मुद्दाम ठेवले, हे मला कळत नाही. दाराशी जाऊन बुटांत पाय घालतो. नाडी बांधायला वाकतो आणि न बांधताच सरळ होतो.

"सर," मुलगी म्हणते, "आईनं काहीतरी विचारलंय."

जिन्यावर त्याची पावले उतरत जातात, सुटलेल्या नाडीची टोके पायरीपायरीवर आपटत.