हेनामकरणीला आलेली हाक

माझं नाव यांग गुमरे. हे सांगायची वेळ माझ्यावर फारशी येत नाही. आमच्या बेटावर लग्न झालेल्या बाईला नावाने हाक मारायची पद्धत नाही. जिथून आली तिथली ती. माझं माहेर हेनाम, म्हणून मी हेनामकरीण. मुलगा झाल्यावर चांगग्यूची आई. नवरा होता तोवर 'अगं, ऐकलंस का' म्हणायचा, तेही भूक लागली तरच. गुमरे जिवंत होऊन उठते ती फक्त दवाखान्यात, नंबर लागून नाव पुकारलं की.

आमच्या चर्चमधल्या बायकांपैकी जवळजवळ प्रत्येकीला देवाचं बोलावणं आलेलं आहे. मोक्पोकरणीला तर ते न्हाणीघरात, पाठ चोळून घेता घेता आलं. गायनमंडळ सांभाळ, असं देव म्हणाला. सूर द्यायला तेवढा विसरला. मला मात्र काही नाही. तरुणपणापासून पहाटेच्या प्रार्थनेला जाते आहे, भात लावायच्या आधी मूठभर तांदूळ देवासाठी बाजूला काढते आहे, पण देव माझ्याशी एक अक्षर बोललेला नाही.

त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. एवढ्या जगाशी बोलायचं म्हणजे देवही दमेल. पण या शरदात चांगग्यूचा फोन आला.

"आई, आता पुरे झालं. थंडीच्या आत इंचॉनला ये. खोली रिकामी ठेवलीय. खालीच दवाखाना आहे. तुझी सून काही म्हणणार नाही."

"काही म्हणणार नाही म्हणजे काहीतरी म्हणालीय."

"आई! आभारप्रार्थनेच्या रविवारी गाडी घेऊन येतो. तोवर ठरव."

मुलगा गुणाचा आहे. गुडघेही माझे कुरकुरतात. खाडीच्या चिखलात शिंपल्या वेचायला उतरते खरी, पण वर येताना सगळे पूर्वज आठवतात. डोकं म्हणे जा, मन म्हणे राहा. दोघांचं भांडण मिटेना, म्हणून पाळकसाहेबांना विचारलं.

पाळकसाहेब वयाने पोरसवदा, पण गोड बोलणारे. "भगिनी, देवालाच विचारा ना. तो प्रत्येकाला वेगळी हाक मारतो, अगदी नाव घेऊन. आपण फक्त शांत बसून ऐकायचं." त्या रविवारी त्यांनी गोष्टही तीच सांगितली. देवळात झोपलेल्या मुलाला देव नावाने हाक मारतो, आणि ते पोर उठून धावतं ते म्हाताऱ्या, डोळ्यांनी अधू झालेल्या याजकाकडे. त्यानेच बोलावलं असं वाटून. मी मनात म्हटलं, एवढंही कळू नये? माझ्यावर वेळ आली तर मी अशी फसणार नाही.

आणि मी देवाशी ठरवून टाकलं. आभारप्रार्थनेच्या रविवारच्या आत मला गुमरे म्हणून हाक मार. मग जा म्हण, नाहीतर राहा म्हण. तू म्हणशील तसं.

आधी चर्चमध्ये बसून बघितलं. पण आमची पहाटेची प्रार्थना म्हणजे सगळ्यांनी मिळून 'प्रभू!' अशी आरोळी ठोकायची आणि मग प्रत्येकाने आपापलं गाऱ्हाणं एकाच वेळी, गळा काढून सांगायचं. मोक्पोकरीण माझ्या शेजारी. तिच्या सुनेचं सगळं मला कळलं, देवाचं काही ऐकू आलं नाही.

मग घरीच बसायचं ठरवलं. दार लावलं, गादीवर गुडघे टेकले, डोळे मिटले. छान शांत होतं. आणि भिंतीपलीकडून:

"हेनामकरीण! ए हेनामकरीण!"

ही कांगजिनची आजी. आमच्या दोघींच्या अंगणांमध्ये कमरेइतकी दगडी भिंत आहे, आणि आजीला ती हाका मारायलाच बांधलीय असं वाटतं. नव्वदीला टेकलीय, डोळ्यांनी धड दिसत नाही, मुली लांब ग्वांगजूला. चर्चला येत नाही, नवऱ्याचं श्राद्ध मात्र चुकवत नाही.

"काय हो आजी? प्रार्थना करतेय मी."

"कर की. माझी एक चप्पल सापडत नाही, ती शोध आणि मग कर. देव कुठे पळून चाललाय?"

"तुमच्या पायात बघा."

"पायात एकच आहे, बाई. दुसरी शोधायला तुला बोलावलं. आणि पहाटे एवढं ओरडता ते कशाला गं? बहिरा आहे का तुमचा देव?"

चप्पल कुत्र्याने नेली होती. परत येऊन बसले तर गुडघ्यांनी संप केला.

आजीची ही खोड जुनीच. माझा नवरा बोटीसकट गेला त्या हिवाळ्यात मी अंथरुणातून उठत नव्हते. कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं. तेव्हाही सकाळ झाली की हिचं सुरू: हेनामकरीण, माझा कोयता सापडत नाही! रोज कोयता. मी डोळे पुसत, मनातल्या मनात शिव्या देत उठायची, कोयता शोधून द्यायची. तिथवर गेलेच आहे म्हटल्यावर तिचं सूप प्यायची, मग घरी यायची.

शुक्रवार उजाडला तरी वरून काही हालचाल नाही. मग मी मिठागरांमागच्या टेकडीवर गेले. मोबाइल मुद्दाम घरी ठेवला. वर पाईनची झाडं, खाली समुद्र, माणूस नाही. आता बोल बाबा, म्हटलं. हात जोडले. वारा पडला. माझ्या छातीत खरोखर धडधडायला लागलं. आणि आकाशातून भलामोठा आवाज घुमला:

"अं... अं... चालू आहे ना हे? हेनामकरीण, जिथे असाल तिथून घरी या. कांगजिनच्या आजींची कवळी सापडत नाहीये. पुन्हा एकदा ऐका, हेनामकरीण..."

गावप्रमुख होता. गावाच्या भोंग्यावरून. बेटावरच्या प्रत्येक घराला, प्रत्येक बोटीला, आणि मला वाटतं माशांनासुद्धा, ही बातमी कळली.

मी टेकडी उतरले ती तणतणतच. आजी ओट्यावर उन्हाला बसली होती.

"सापडली कवळी?"

"तोंडातच होती," आजी म्हणाली. "पण तू किती वेळ झाला दिसली नाहीस, ते म्हटलं..."

माझा तोलच गेला. "आजी, रविवारनंतर काय कराल? चांगग्यू न्यायला येतोय. मी इंचॉनला चाललेय. मग घाला हाका त्या भिंतीला!"

खरं तर मी काहीच ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. आजी शांतपणे उठली, भिंत चाचपत आत गेली.

शनिवारी मी प्रार्थनेहून घरी आले, गुडघे टेकले. शांत. चप्पल नाही, कवळी नाही, मीठ नाही. असली शांतता मला कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. आता देवाला बोलायला काही अडचण नव्हती. मी कान दिला, आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की माझा कान वर नाहीच, भिंतीकडे आहे. खोकली का? भांडं वाजलं का? आज तिचा कोबी यायचा होता. किमचीच्या लोणच्याचा कोबी मिठात घालायचा म्हणजे पहिली हाक मलाच असते: हेनामकरीण, मीठ बघून जा! हाक नाही. मी पुन्हा डोळे मिटले. पुन्हा उघडले. प्रार्थनेला आमेनसुद्धा न म्हणता उठले आणि या गुडघ्यांनी भिंत ओलांडली. कशी ते मला विचारू नका.

आजी अंगणात बसली होती. समोर चिरलेला कोबी, आणि त्यावर ही एवढी मिठाची रास. मेल्या माणसावरही इतकी माती टाकत नाहीत. हात कोपरापर्यंत पांढरे, आणि चाचपून चाचपून आणखी घालतच होती.

"आजी! अहो काय करताय हे? हाक नाही मारायची?"

तिने वर बघितलं नाही. "सवय करून घेतेय," म्हणाली. "हाक न मारायची."

मी खाली बसले आणि कोबीवरचं मीठ झटकायला लागले. झटकता झटकता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मिठाचे हात, पुसताही येईना. वर बघितलं तर पडवीच्या खांबाला, खिळ्यावर, तिचा कोयता टांगलेला.

"आजी, हा कोयता तेव्हाही इथेच असायचा ना? मी शोधायला यायची तेव्हा?"

"मग? कोयत्याला काय पाय फुटतात?"

"मग रोज हाक का मारायचात?"

"तू उठत नव्हतीस ना," आजी म्हणाली, आणि घमेलं माझ्याकडे सरकवलं. "बघ, फार झालंय का मीठ?"

"समुद्राला लाज वाटेल इतकं झालंय."

"मग धू. बोलत काय बसलीस?"

आम्ही दोघींनी तो कोबी धुतला. मध्येच तिने विचारलं, "तुझं नाव काय गं? स्वतःचं?"

"गुमरे."

"गुमरे," तिने तोंडात घोळवून बघितलं. "कोण ही? ओळखीची वाटत नाही. हेनामकरीण, ते पाणी बदल."

"आले," मी म्हणाले, आणि तिथेच थबकले. सगळं आयुष्य मी या एका हाकेला हेच उत्तर देत आले होते.

रविवारी चांगग्यू आला. त्याच्या गाडीत माझ्या बोचक्याऐवजी किमचीचे डबे चढवले. आधी रुसला, मग एका डब्याचं झाकण उघडून बोटाने चाखून बघितलं आणि रुसायचं विसरला. दर हिवाळ्यात महिनाभर जाऊन राहीन असं मी कबूल केलं, आजीच्या मुली तिच्याजवळ राहायला आल्यावर.

पाळकसाहेबांनी चर्चच्या पायरीवरच गाठलं. "भगिनी, मिळालं का उत्तर? हाक मारली देवाने?"

"मारली."

"नावाने?" त्यांचे डोळे चमकले.

"हो, नावाने. त्याच्याकडे माझं नाव हेनामकरीण असं आहे, पाळकसाहेब. मी उगीच दुसऱ्याच बाईची हाक ऐकत बसले होते."

"आणि काय म्हणाला?"

"मीठ बघून जा म्हणाला."

पाळकसाहेब विचारात पडले. पुढच्या प्रवचनात ते घालतील बहुतेक. मला थांबायला वेळ नव्हता. आजीला सूप गरम करून द्यायचं होतं, आणि हाक येईपर्यंत वाट बघायची आता मला गरज वाटत नव्हती.