शर्यत वाढली

मी एक जुनी घंटा आहे, मित्रांनो, आणि आज मी रागावलेली आहे. देवळात वाढलेल्या घंटेने रागावू नये हे मला कळते. पण माझे ऐकून घ्या, मग सांगा.

धुळ्याच्या एका ओताऱ्याने १९०६ साली मला मातीच्या साच्यात ओतले. पांझरेकाठच्या राममंदिरात मला टांगले तेव्हा कीर्तनकार बुवांनी एक टोला देऊन कान लावला आणि म्हणाले, "हिचा नाद खरा आहे हो!" त्या एका शब्दावर मी आयुष्य काढले. चातुर्मासभर कीर्तने ऐकली. पूर्वरंगात बुवा तत्त्व सांगत तेव्हा निम्मी माणसे पेंगत. उत्तररंगात आख्यान लागले, झांज वाजली, की तीच माणसे ताठ होऊन बसत. शेवटी आरतीला मी गजर करी. याहून गोड नोकरी कोणाची असेल?

पुढे दोन्ही खानदेशांच्या पळण्याच्या शर्यती धुळ्यास भरू लागल्या, आणि तिथे घंटा हवी म्हणून वर्षातून एकदा मला मैदानावर नेऊ लागले. तुम्ही विचाराल, शर्यतीत घंटेचे काय काम? शंभर यार्डांच्या शर्यतीत काहीच नाही. ती डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते. पण अर्ध्या मैलाला चुन्याच्या रेघेभोवती दोन फेरे आणि मैलाला चार. तिथे नुसता वेग पुरत नाही, जपून खर्चलेला दम लागतो. पहिले तीन फेरे म्हणजे पूर्वरंग. चौथा सुरू होताना मी वाजते आणि पळणाऱ्याला सांगते, राखून ठेवलेले आता सगळे दे. मी वाजले की मैदानावरची माणसेही ताठ होत.

मैल पाच मिनिटांच्या आत पळणारा माणूस तोवर खानदेशात निघाला नव्हता. मग एका साली शिंदखेड्याचा सुकदेव आला. जिनिंगमधल्या कापसाच्या गाठींच्या चिठ्ठ्या स्टेशनवर पोचवण्याचे त्याचे काम, तेही पळतच. जो मैल जिंकेल तो पुण्याच्या मोठ्या शर्यतीला जाणार होता. त्याच्या आईने, भागाबाईने, 'मना आंडोर पुनाले जाई', म्हणजे माझा मुलगा पुण्याला जाणार, असे गावभर सांगून ठेवले होते. शेजारणीने टोमणाही मारला होता, "जाई त, पन पहिले जिकू दे!"

आता शर्यतीच्या मंडळाचे अध्यक्ष हस्तीमल शेठ यांच्याविषयी सांगते. धान्याचे मोठे व्यापारी, घरचा धर्म जैन, तरी कीर्तनाला पहिल्या रांगेत. माणूस प्रेमळ. फक्त 'संपले' हा शब्द त्यांना अशुभ वाटे. दुकान बंद करायचे तर 'दुकान वाढवा', दिवा मालवायचा तर 'दिवा वाढवा', पोत्यातला गूळ संपला तर 'गूळ वाढला'. बांगडी फुटली तर आपणही ती वाढली म्हणतो ना, तसेच.

आणि पंच होते एक गोरे साहेब. त्यांनी मराठीची परीक्षा दिलेली होती आणि दुभाष्या जवळ उभा राहिलेला त्यांना खपत नसे.

शर्यत सुटली. जळगावचा रुपचंद पहिले दोन फेरे पुढे होता. तिसऱ्यात सुकदेवाने त्याला गाठले. आमच्या देवळाच्या तोताराम गुरवाने मला टोला दिला, चौथा फेरा सुरू झाला, आणि काय सांगू मित्रांनो, तो अनवाणी पोरगा असा निघाला की रुपचंद पार मागे पडला. सुकदेवाच्या छातीला फीत लागली तेव्हा साहेबांच्या घड्याळात पाच मिनिटे भरायची होती. साहेबांच्या भुवया वर गेल्या, हे मी पाहिले.

हस्तीमल शेठ आनंदाने नाचत ओरडले, "वाढली! शर्यत वाढली!"

"वाढली?" साहेब चमकले. "किती वाढली?"

शेठना वाटले, साहेब नंबर विचारताहेत. सुकदेवाकडे हात करून त्यांनी एक बोट नाचवले. "एक, साहेब, एक!"

साहेबांनी भोंगा तोंडाला लावला. "आणखी एक फेरा!"

रुपचंद आणि बाकीचे अजून पळतच होते. ते तसेच पुढे गेले. सुकदेव खाली बसून पाणी पीत होता. तो उठला, चार पावले गेला, आणि पोटऱ्यांत गोळे येऊन कोसळला. रुपचंदाने पाचवा फेरा कसाबसा पुरा केला आणि साहेबांनी हार त्याच्या गळ्यात घातला.

भागाबाई गर्दी सारत पुढे आली. "कसाना फेरा? मना आंडोर चार फेरा पयना! बठ्ठासनी देखं!" मग शेठसमोर उभी राहिली. "शेठ, बोला ना! तुमना तोंडमा काय शे, गूळ शे का?"

शेठना घोटाळा कळला होता. त्यांचा चेहराच सांगत होता. पण पुढल्या वर्षी त्यांना साहेबांच्या सरकारकडून रावसाहेब ही पदवी मिळायची होती, आणि साहेबांना 'तुमचे मराठी चुकले' असे कोण सांगणार?

साहेबांनी विचारले, "घंटा एक फेरा लवकर वाजली काय?"

शेठ खाली बघून म्हणाले, "हो साहेब. घंटाच चुकली."

मी! मी चुकले! म्हणजे फीत लागली तेव्हा तीनच फेरे झाले होते म्हणे! अहो, तीन फेऱ्यांना जवळजवळ पाच मिनिटे लागली असतील, तर सुकदेव पळत नव्हता, वरातीत चालत होता! एवढा हिशेब तिथे कोणाला येत नव्हता काय? येत होता. सगळ्यांना येत होता. रुपचंद बिचारा घशातून म्हणालाही, "माझे पाय पाच फेरे सांगतात." त्याला कोणीतरी पाठीवर थाप मारून गप्प केले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळात कीर्तन होते. घरी जाण्याआधी भागाबाई आणि सुकदेव दर्शनाला आले होते. आख्यान रंगात आले असता शेठ उठले, डोळ्यांत पाणी आणून हात जोडले. "बुवा, शर्यत चार फेऱ्यांचीच झाली. मी 'वाढली' म्हटले आणि मग भिऊन गप्प बसलो." सभा गहिवरली. "शेठ, केवढे तुमचे मन!" असे चार जण म्हणाले. बुवांनीही मान डोलावली.

सुकदेव खांबाला टेकून उभा होता. तो म्हणाला, "शेठ, देवले त माहीतच व्हतं. सायेबले सांगा."

"सांगतो, सांगतो. उद्याच," शेठ म्हणाले.

तो उद्या आलाच नाही. पुण्याची शर्यत होऊन गेली. सुकदेव पुन्हा स्टेशनवर चिठ्ठ्या पोचवू लागला, पण चालत. शेठ रावसाहेब झाले. आणि खोटी घंटा देवाला तरी कशाला, म्हणून मला उतरवून माळ्यावर टाकले. तोताराम भांडला, त्याचे कोणी ऐकले नाही.

मित्रांनो, कीर्तने मला आजही प्रिय आहेत. पण जिथे बोलायला हवे तिथे मुके राहायचे आणि जिथे बोलून काही बिघडत नाही तिथे रडायचे, हे कोणत्या कीर्तनात सांगितले आहे?

यंदा, १९४७ साली, साहेब गेले. पदव्याही गेल्या. आता भ्यायला कोणी उरले नाही. तरी मंडळाच्या खोलीतल्या फळ्यावर 'एक मैल' यापुढे अजून रुपचंदाचेच नाव आहे आणि वेळ आहे सहा मिनिटांच्या वरची! त्या फळ्याखालून रोज माणसे जातात. तुम्हीही जाता.

मला माळ्यावरून काढा, चिंचेने घासा, असे मी म्हणणार नाही. माझे काय, मी धातूची आहे, थांबेन. पण सुकदेव शिंदखेड्यात अजून जिवंत आहे. तो आहे तोवर एक शिडी आणा, रंगाचा डबा आणा, आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, त्या फळ्यापर्यंत चढून त्याचे नाव लिहा.