अर्धा सल्ला

सल्लागाराला जन्मभर आत टाका, असं दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे एका सुरात सांगू लागले, तेव्हाच बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. माणसं साध्या पंख्याच्या वेगावर एकमत करत नाहीत, हा त्यांचा न्यायाधीश म्हणून आयुष्यभराचा अनुभव होता. निवृत्तीनंतर त्यांना या चौकशीवर नेमलं, तेव्हा त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं की माझी धाकटी बहीण पुरात बुडालेल्या वस्तीतल्या शाळेत शिकवते, तिच्या वर्गातली दोन मुलं वाहून गेली आहेत, तेव्हा दुसरं कुणी बघा. त्यावर शहराच्या मुख्यांच्या कार्यालयातला गृहस्थ गोड हसून म्हणाला होता की उलट बरंच आहे, लोकांचा विश्वास बसेल. त्या हसण्याने तर बाई जास्तच सावध झाल्या. विश्वास नेमका कशावर बसायला हवा होता, हे त्या गृहस्थाने आधीच ठरवलेलं दिसत होतं.

प्रकरण सरळ होतं, निदान बाहेर घोषणा देणाऱ्यांना तसं वाटत होतं. नदी फुगली, शहर वाचवायचं तर कुठल्या तरी एका बाजूचा बांध फोडणं भाग होतं. उजवीकडे कारखाने आणि गोदामं, डावीकडे कामगारांची वस्ती. डावा बांध फुटला. वस्तीला नीट सूचनाही मिळाली नाही आणि माणसं झोपड्यांच्या छपरांवरून वाहून गेली. मग निर्णयाच्या बैठकीला हजर असलेल्या एका इंजिनिअरने कॅमेऱ्यासमोर सांगितलं की मुख्यांचा सल्लागार म्हणाला होता, पत्र्याच्या खोल्यांची किंमत ती काय, डावाच फोडा. झालं. ते वाक्य भिंतीभिंतीवर रंगलं.

सल्लागार चौकशीला यायचा तो पोलिसांच्या गाडीतून, मान खाली घालून. बारीक, टापटीप, शर्टाचं वरचं बटण लावलेला माणूस. ते वाक्य आपण बोललो, हे त्याने पहिल्याच दिवशी कबूल केलं. पण पुढे जे सांगितलं ते ऐकून बाईंच्या भुवया वर गेल्या.

तो म्हणे नेहमीच असा बोलायचा. आपल्याला जे पटत नाही त्याची बाजू आधी मांडायची, तीही जीव तोडून, सगळ्यात निर्दय शब्दांत. ऐकणाऱ्याला त्या निर्णयाचा खरा चेहरा दिसला पाहिजे. मग दुसऱ्या अर्ध्या भागात स्वतःचं मत. आधीच्या मुख्यांबरोबर वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. नवे मुख्य खुर्चीवर येऊन महिनाही झाला नव्हता. त्यांनी पहिला भाग ऐकला, ठीक आहे म्हणाले, आणि उठून आदेश द्यायला गेले.

काय सोयीची गोष्ट! बाईंनी मनात म्हटलं. असं म्हणून कुठलाही माणूस कुठल्याही शब्दातून अंग काढून घेईल. आधीच्या मुख्यांचा म्हातारा सचिव येऊन साक्ष देऊन गेला की हो, पद्धत खरी, आम्ही दुसरा भाग येईपर्यंत पेनाला हातही लावत नसू. पण हा सचिव आणि सल्लागार एकाच इमारतीत राहणारे, रोज संध्याकाळी बरोबर फिरायला जाणारे. त्याचा शब्द किती धरायचा? नव्या मुख्यांनी तर लेखी कळवून हात झटकले होते: सल्ला मिळाला, सल्ल्याप्रमाणे केलं. तेही बाईंच्या घशाखाली उतरत नव्हतं. कारखाने कुणाच्या जवळच्यांचे होते, हे शहरात कुणाला ठाऊक नव्हतं? त्या मुद्द्याची त्यांनी वेगळी नोंद करून ठेवली होती. पण मुख्य लबाड निघाले म्हणून सल्लागार निर्दोष ठरत नव्हता.

घरी बहीण जेवताना समोर बसायची आणि ताटाकडेच बघत जेवायची. शेवटी एकदा ताट सरकवून म्हणाली, "ताई, तू त्याला सोडलंस तर मी या घरात राहणार नाही. धमकी देत नाहीये, मला जमणारच नाही." बाईंना तिचा राग आला नाही. भीती वाटली, आणि ती तिच्या जाण्याचीच होती. मग दुसरी शंका येऊन बसली: बहीण राहावी म्हणून आपण त्या माणसाला दोषी धरतोय का? आणि तसं नको म्हणून उगाच निर्दोष? आता त्यांना स्वतःचाही भरवसा उरला नव्हता.

सुनावणीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी खोलीत फक्त लिहून घेणारा आणि वकील ठेवले. बाहेर फाटकाशी घोषणा चालू होत्या. बाई सल्लागाराला म्हणाल्या की तुमची पद्धत मला बघायची आहे. आधी तुमच्या विरुद्धची बाजू मांडा, त्या दिवशी मांडलीत तशी. मग तुमची.

त्याने पाण्याचा घोट घेतला आणि सुरुवात केली. बाईंनी आजवर मोठमोठे सरकारी वकील ऐकले होते, पण एखाद्या माणसाला असं सोलून काढताना कुणाला ऐकलं नव्हतं. हा सल्लागार गर्विष्ठ आहे, तो म्हणाला. माणसं मरणार हे त्याला कळत होतं आणि त्याने शब्दांचे खेळ केले. त्याला शिक्षा झाली नाही तर वस्तीतल्या आयांनी कुणाकडे बघायचं? बोलता बोलता त्याचा आवाज चढला. त्याचा स्वतःचा वकील अस्वस्थ होऊन खुर्चीत हलला. लिहून घेणाऱ्याच्या तोंडावर तर उघड संताप होता.

तो श्वास घ्यायला थांबला. बाईंनी फाइल मिटली, "समजलं" एवढंच म्हणाल्या आणि उठून दाराकडे निघाल्या.

मागून आवाज येईल म्हणून त्या कान देऊन चालत होत्या. मुद्दाम सावकाश चालल्या. दाराच्या कडीला हात लावला, तरी काही नाही. त्यांनी वळून पाहिलं. सल्लागाराचा हात टेबलापासून थोडासा उचललेला होता, तोंड किंचित उघडं, चेहरा पांढराफटक. मग तो हात हळूच खाली गेला.

बाई परत येऊन बसल्या. "तुमची बाजू राहिली ना?"

"राहिली."

"मग थांबवलं का नाहीत मला?"

"तुम्ही उठलात," तो म्हणाला. "मोठं माणूस उठलं की आपण बोलायचं नाही. मी नोकरीभर तेच केलं."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. हेही नाटक असेल का? पण त्या उठणार हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि नाटक करायचंच तर माणूस सुटण्याचं करतो. याने तर स्वतःच्या हाताने दोर पुढे केला होता. पद्धत खरी होती. दुसरा भाग होता. डावा बांध फोडू नका, हे सांगायला तो माणूस त्या दिवशी बैठकीत आला होता. लोक ज्यासाठी त्याला जाळायला निघाले होते, ते पाप त्याचं नव्हतं. त्याचं जे होतं त्याची घोषणा मात्र बाहेर कुणी देत नव्हतं. बाईंना एकदम त्याची चीड आली, आणि कीवही.

"मुख्य आदेश द्यायला उठले, तेव्हा त्यांना तुमची हाक ऐकू गेली असती?" त्यांनी विचारलं.

वकिलाने सल्लागाराच्या दंडाला हात लावून मान हलवली, उत्तर देऊ नका म्हणून. त्याने तो हात बाजूला केला.

"हाकेची गरजच नव्हती, बाई," तो म्हणाला. "ते माझ्या शेजारच्याच खुर्चीवर होते. नुसती बाही धरली असती तरी थांबले असते."

बाईंनी लिहून घेणाऱ्याला ते वाक्य जसंच्या तसं उतरवायला सांगितलं.