दोन पातेली

मनोऱ्याच्या फाटकासमोरच्या इटालियन रेस्टॉरंटात पास्त्याची दोन पातेली असतात. मोठ्या पातेल्यातला पास्ता सकाळी दहालाच उकडून, तेल लावून ठेवतात. ऑर्डर आली की गरम पाण्यात बुडवायचा आणि वर सॉस ओतायचा. तो पर्यटकांचा. लहान पातेलं दर वेळी नव्याने चढतं. ते कामगारांसाठी, आणि गिऱ्हाईक घेऊन येणाऱ्या गाइडसाठी.

गाइडला हे चांगलं ठाऊक होतं. बारा वर्षं तो तिथे जेवत होता.

आज मात्र त्याच्याबरोबर ताई आणि भावोजी होते. ताईने वसतिगृहाच्या भटारखान्यात सव्वीस वर्षं राबून त्याला शिकवलं होतं, आणि त्याचं काम बघायला ती पहिल्यांदाच आली होती. मनोऱ्याची रांग चुकवायला त्याने छातीवर गाइडचा बिल्ला लावला होता. तो तसाच राहिला.

वेटरने बिल्ला पाहिला आणि आत आवाज दिला, "दोन पाहुणे, एक गाइड!"

‘घरची माणसं आहेत,’ एवढं गाइडने म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण भावोजी म्हणजे शब्दात पकडणारा माणूस. ‘परक्यांना काय देता मग?’ असं त्यांनी विचारलं असतं. गाइड पाणी प्यायला.

ताटल्या आल्या. त्याचा पास्ता सुटसुटीत, चकचकीत. त्या दोघांचा फुगलेला, कडा फाटलेला.

"झकास!" भावोजी म्हणाले. "शालकांची निवड आहे, खायची गोष्ट नाही."

"खायचीच आहे, खा गुमान," ताई म्हणाली. ती सावकाश चावत होती.

"ताई, तू माझा घे ना."

"का रे? खा तू. दिवसभर उन्हात ओरडतोस."

तो काट्याने पास्ता नुसता फिरवत राहिला.

भावोजी हात धुवायला उठले. ताई पुढे वाकली.

"छोट्या, रागावू नकोस, पण हा सकाळचा उकडलेला आहे. हे लोक तुला फसवतायत. ह्यांच्यासमोर बोलले नाही, उगाच थट्टा करत बसले असते. तुझ्या माणसांना इथे आणू नकोस बाबा."

‘विचारतो मालकाला,’ हे वाक्य जिभेवर तयार होतं. बारा वर्षांत त्याने गोड वाक्यं कमी घडवली नव्हती. पण ताई त्याची बाजू घेऊन त्याच्याकडे बघत होती.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून."

ताईने काटा उचलला, त्याच्या ताटलीतला एक तुकडा घेतला आणि चावून पाहिला. गाइड टेबलक्लॉथवरच्या चौकड्या बघत राहिला.

"बहीणभावाची कसली खलबतं?" भावोजी परतले.

"काही नाही. ह्याला नकोय, तुम्ही संपवा." ताईने गाइडची ताटली त्यांच्यापुढे सरकवली.

"अरे, हा तर आणखी भारी!" भावोजी तुटून पडले.

तेवढ्यात वेटर आला. "साहेब, दुपारचा ग्रुप किती वाजता?"

"तीनला. अठरा जण." रोजच्या सवयीने शब्द बाहेर पडले. ताईकडे बघण्याआधीच.

ताईने पर्स खांद्याला लावली आणि ती उभी राहिली.

"बघ," भावोजी तोंडात घास ठेवून म्हणाले, "केवढी माणसं विश्वासाने येतात तुझ्या भावाबरोबर!"