लेकीपुरती गादी

"मेलेली आहे ही!" दुकानातल्या मेमरी फोमच्या गादीवर बुक्की मारून आमचे हे म्हणाले. "हात उचलला तरी वर येत नाही."

विकणारी मुलगी गांगरून माझ्याकडे बघू लागली. "मनावर घेऊ नकोस," मी म्हटलं. "हे चाळीस वर्षं कापसाच्या गाद्या भरतायत. खोळी मी शिवते." मग तर ती आणखीच गांगरली. आचाऱ्यानं खानावळ लावावी, तशातली आमची गत.

पण इलाज नव्हता. पाठीचं ऑपरेशन झाल्यावर लेक पहिल्यांदा आली, तेव्हा ह्यांनी नवा कापूस पिंजून तिच्यासाठी खास गादी भरली होती. पहाटे बघतो तर लेक खुर्चीत बसलेली. "गादी छान आहे हो बाबा, माझी पाठच वाईट," म्हणाली. तेव्हापासून येते ती दिवेलागणीच्या आत परत निघते. मुक्काम नाही. ह्यांनी ते फार लावून घेतलं होतं.

"रोजच्या वापराला हवीय का?" मुलीनं विचारलं.

"छे गं. लेक येते वर्षातून दोनदा, तेवढ्यापुरती."

"मग ही स्वस्तातली पुरे. फक्त याहून पातळ घेऊ नका, खालची फळी टोचेल. काका, कुशीवर झोपून तर बघा."

"इथं? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं राहू द्या, मी म्हणतेय ना, झोपा!" मी दटावलं.

चपला काढून हे आडवे झाले. कपाळावर आठ्या होत्याच. मग खांदा हळूच आत गेला, पाठोपाठ कंबर, आणि आठ्या कुठल्या कुठे गेल्या. इतका लहान मुलासारखा चेहरा मी ह्यांचा कधी पाहिला नव्हता.

"अगं," हे पुटपुटले, "आपली गादी म्हणते, माझ्यासारखा सरळ हो. ही म्हणते, आहेस तसा ये."

आणि पुढच्या मिनिटाला चक्क घोरू लागले.

घरी आणली तेव्हा तिची वळकटी माझ्या कवेत मावत होती. प्लॅस्टिक कापताच ती आपली आपण फुलत गेली. हे दाराशी उभे. हात जोडायचेच काय ते बाकी होते.

लेक आली. राहिली. सकाळी ऊन खिडकीतून आत आलं तरी उठली नाही. मी दोनदा चहा गरम केला. शेवटी ती तोंड धुवायला गेली आणि सवयीप्रमाणे हे गादी झटकायला धावले. हात वर उचलला तो तसाच राहिला. गादीवर लेकीचा खांदा, कंबर, दुमडलेला गुडघा, सगळं उमटलेलं होतं. थंडीमुळे ते सावकाश भरून येत होतं.

मी चादर ओढायला वाकले.

"थांब," हे म्हणाले. "जिवंत आहे गं ही."

मग आम्ही दोघं तिथंच जमिनीवर बसलो आणि ती जागा सपाट होईपर्यंत बघत राहिलो.