एक फेरा जास्त

पंधरा यांत्रिक हात रांगेत उभे होते आणि त्यांतले अकरा थरथरत होते. थरथरणं केसभरच, पण हे हात जाणार होते औषधाच्या कारखान्यात, इवल्याशा कुप्या उचलायला. तिथे केसभर म्हणजे फार झालं! उद्या सकाळी गिऱ्हाईक तपासायला येणार. माल नापास झाला की मागणी रद्द, आणि खापर फुटणार जोडणी विभागाच्या इंजिनिअर बाईंच्या डोक्यावर.

सकाळपासून डोकं खाजवल्यावर बाईंच्या एक गोष्ट ध्यानात आली. धड असलेले चारही हात जोडणी करणाऱ्या काकूंच्या टेबलावरचे होते. तीन महिने ज्यांच्या नावापुढे बाईंनी ‘संथ’ असा शेरा मारला, सोमवारपासून ज्यांना पॅकिंगला धाडायच्या कागदावर कालच सही ठोकली, त्याच या काकू.

“काकू, तुम्ही वेगळं काय करता?”

काकू चपापल्या. “कामाच्या कागदावर लिहिलंय तेच करते हो.”

“खरं सांगा. रागावणार नाही.”

“स्क्रू आवळायच्या आधी मनगट हाताने एक फेरा फिरवते. आतले दाते जागेवर बसले की मग आवळते. मागच्या साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, शहाणपणा नको. म्हणून गुपचूप करते. वेळ लागतो, बोलणी खाते, पण वाकडं काम माझ्या हातून जायचं नाही.”

साहेबांनी लिहिलेला तो कामाचा कागद बाईंनी डोळे मिटून जशाचा तसा उतरवला होता. त्या शरमेने अर्धमेल्या झाल्या.

“चूक माझी आणि बोलणी तुम्हाला. माफ करा, काकू. आता मला शिकवा.”

अकराही मनगटं उघडली. बाई फिरवत होत्या, काकू ओरडत होत्या, “अहो, जोर नको! नळ बंद करायचाय का?” संध्याकाळच्या चाचणीत एकही हात थरथरला नाही. बाईंचा जीव भांड्यात पडला.

त्यांनी पॅकिंगचा कागद टराटरा फाडला, कामाचा कागद नव्याने लिहिला आणि ‘तयार करणाऱ्याची सही’ अशी चौकट काकूंपुढे सरकवली.

“माझी सही? बावीस वर्षं मी दुसऱ्यांचंच लिहिलेलं वाचतेय!”

काकूंनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला, पूर्ण नाव लिहिलं आणि डोळे पुसले. “उपकार झाले हो, बाई.”

“उपकार तुमचे,” बाई म्हणाल्या. “उद्या मी इथे ताठ मानेने उभी राहीन, ती तुमच्यामुळे.”