भिंगरीच्या बाह्या

मित्रांनो, खिडकीपाशी ते लाकडी टेबल दिसते ना, ज्यावर चाव्या, चष्मा आणि घडी न केलेले कपडे पडलेले असतात, ते खरे म्हणजे टेबल नाही. ती मी आहे, या घरातली जुनी शिलाई मशीन. माझी मान आत दुमडून वरून फळी टाकली आहे, म्हणून पाहुण्यांना मी ओळखू येत नाही. आता माझ्यावर कोणी शिवत नाही. पण मी जे पाहिले ते सांगितल्याशिवाय मला गंज चढू नये, एवढीच इच्छा आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाला काळा रंग दिला, त्यावर सोनेरी वेलबुट्टी काढली, आणि दुकानाच्या काचेमागे बसून मी बरेच दिवस स्वतःवरच खूश होते. मग एक तरुण बाई नवऱ्याला घेऊन आली. तिने मला तेल दिले, सुईत दोरा ओवला आणि एका चिंधीवर सरळ टीप मारून पाहिली. "चाल हलकी आहे हो हिची," ती नवऱ्याला म्हणाली. अशी मी या दोन खोल्यांच्या घरात आले. बाहेरची खोली माझी. पडदे, झगे, शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, काय नाही शिवले आम्ही दोघींनी! नवरा बेकरीच्या मालाची गाडी चालवायचा आणि उजाडायच्या आत घराबाहेर पडायचा. गिऱ्हाइके माझ्या टाक्यांची तारीफ करत, आणि बाई लाजून माझ्या पाठीवरून फडके फिरवी.

मग त्यांना मुलगी झाली. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरतच नसे. मान वेळाव, पाय घास, कोपर भिंतीला घुसळ. येणारेजाणारे हसून म्हणत, "काय चुळबुळी पोर आहे!" मीही तसेच समजत होते. एकदा ती माझ्या पायडलवर येऊन बसली, तेव्हा मी तिचे गुडघे मागून पाहिले. कातडी लाल, कोरडी, चिरा पडलेली, आणि त्या चिरांतून रक्ताचे बारीक ठिपके. पोरगी चुळबुळी नव्हती. तिला खाज सुटत होती, दिवसभर, रात्रभर, थांबायचे नावच न घेणारी.

डॉक्टरांनी त्याला एक्झिमा म्हटले. मलम दिले. पण घरोघरी डॉक्टर असतातच. आत्या म्हणाली, मलमाने कातडी पातळ होते, नका लावू. मावशीने कसले तरी उग्र वासाचे तेल आणले. कोणी म्हणाले दूध बंद करा, कोणी म्हणाले अंडे बंद करा, शेंगदाणे तर बघूसुद्धा देऊ नका. पोरीचे ताट रिकामे होत गेले आणि खाज होती तिथेच राहिली. आई मलम लावी, जरा बरे वाटले की भिऊन बंद करी. आठवडाभरात सगळे पुन्हा अंगावर येई.

एकदा एक गिऱ्हाईक बाई आपल्या मुलीचा झगा न्यायला आली. तो अजून माझ्या सुईखालीच होता. भिंगरी खाली चिंध्यांत खेळत होती.

"अगं बाई, हे काय हिच्या हाताला?" बाई दचकून म्हणाली. "आणि तू त्याच हातांनी हिला कापडांशी खेळू देतेस?"

"एक्झिमा आहे हो. एकाचा दुसऱ्याला होत नाही तो," आई म्हणाली.

"असेल. पण माझ्या घरात लहान मुलं आहेत." आणि तिने अर्धवट झगा सुईखालून ओढला. दोरा तटकन तुटला.  भिंगरीने दोन्ही हात पाठीमागे लपवले होते. ती तेव्हा पहिलीत होती.

रात्री भिंतीपलीकडून मला नखांची करकर ऐकू यायची आणि मागोमाग आईचा पेंगुळलेला आवाज, "खाजवू नकोस, बाळा." सकाळी चादरीवर डाग असायचे. शाळेतून निरोप यायचा की मुलगी वर्गात पेंगते, लक्ष देत नाही. आईच्या टिपा वाकड्या जाऊ लागल्या. बाबा डोळे चोळत गाडी काढायचा.

भिंगरी दुसरीत गेली, त्या वर्षीची एक दुपार मी विसरू शकत नाही. बाबा अवेळी घरी आला आणि माझ्या स्टुलावर मटकन बसला. चेहरा पांढराफटक.

"डोळा लागला माझा. गाडी फुटपाथवर चढली," तो म्हणाला. "एक म्हातारा उभा होता तिथे. हातभर अंतर राहिलं असेल."

"लागलं का कोणाला?" आईने विचारले.

"नाही. पण लागलं असतं गं." त्याने मान वर केली. दारात भिंगरी उभी होती आणि नकळत मनगट खाजवत होती. तो एकदम ओरडला, "हात बांधून ठेव हिचे! नाहीतर एक दिवस मी कोणाचा तरी जीव घेईन." आणि आत निघून गेला.

 भिंगरीने खाजवणे थांबवले आणि मुठी आवळल्या. 

दुसऱ्या दिवशी आई तयार गणवेश पोचवायला गेली असताना भिंगरी माझ्या स्टुलावर चढली. तिचे पाय पायडलला पुरत नव्हते. तिने एका हाताने माझे चाक फिरवायला घेतले. मला गंमत वाटली. वाटले, बाहुलीसाठी काही शिवत असेल. कापड मात्र ओळखीचे लागले. तिचाच झोपायचा सदरा होता तो, पूर्ण बाह्यांचा, आईने माझ्यावरच शिवलेला. तिने बाहीचे तोंड चपटे धरले आणि त्याच्यावरून टीप नेली. वाकडीतिकडी, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेवटी उसवू नये म्हणून आई मागेपुढे टाके घालते, तसे तिनेही घातले. मग दुसरी बाही घेतली.

मित्रांनो, ती काय करते आहे हे मला तेव्हा कळले. मी लोखंडाची आहे. तरी हादरले.

रात्री जेवणे झाल्यावर आई माझ्याजवळ काजे करत बसली होती आणि बाबा उद्याच्या गाडीची तयारी करत होता. आतून भिंगरी आली. सदरा अंगात, आणि हातांच्या जागी दोन बंद पिशव्या लोंबत होत्या.

"हा काय नवा खेळ गं?" बाबाने हसून विचारले.

"खेळ नाही. तुम्ही म्हणालात ना, हात बांधून ठेव. आईला रोज बांधायला वेळ कुठे असतो? म्हणून मी शिवूनच टाकले." तिने दोन्ही बाह्या वर करून दाखवल्या. "बघा, बोटं बाहेर येतच नाहीत. आता तुम्ही झोपा, बाबा."

 बाबा उभा होता तो खालीच बसला, सरळ जमिनीवर. आईने कात्री उचलली. बाबाने बाही ताणून धरली आणि तिने एकेक टाका कापला.

"राहू दे ना गं आई," भिंगरी कळवळून म्हणाली. "किती वेळ लागला मला!"

"मी रागात बोललो, बाळा," बाबा म्हणाला. 

"पण मी खरंच ठरवते हो, नाही खाजवायचं म्हणून. हातच ऐकत नाहीत माझं."

दुसऱ्या दिवशी बाबाने रजा काढली आणि तिघे त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. तिथे काय झाले ते मला नंतर कळले, आई शेजारणीला सांगत होती तेव्हा. डॉक्टर बाईंनी आधी आईबाबांना काही विचारलेच नाही. भिंगरीला समोर बसवले आणि म्हणाल्या, "या खाजेमुळे तुला काय काय करता येत नाही, सांगशील मला?"

आणि ती सांगत सुटली. गोल करून खेळताना तिचा हात कोणी धरत नाही, बाही धरतात. उत्तर येत असले तरी ती वर्गात हात वर करत नाही, कारण बाही खाली घसरते आणि मुले बघतात. घाम आला की आग होते, म्हणून पळायच्या खेळात ती आपणहून बाद होते. रात्री झोप येत नाही, पण आई झोपावी म्हणून ती झोपेचे सोंग घेते.

"मी हिची आई," आई शेजारणीला म्हणाली, आणि तिचे शिवणकाम मांडीवरच राहिले. "चोवीस तास माझ्या डोळ्यांसमोर पोरगी. आणि मला यातलं एक अक्षर माहीत नव्हतं!"

डॉक्टर बाईंनी नीट समजावले. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच भरपूर क्रीम लावायचे. औषधाचे मलम सांगितले तेवढे आणि सांगितले तोवर लावायचे, भीत भीत आणि अर्धवट नाही. उगाच अंदाजाने पोरीचे खाणे तोडायचे नाही. आंघोळीनंतरचे काम बाबाने स्वतःकडे घेतले. ज्याला घरात टॉवेल कुठे असतो हे ठाऊक नसायचे, तो बोटाच्या पेरावर मलम मोजून घेऊ लागला. आईने जुन्या मऊ सुती कापडाचे कपडे शिवले. शिवणी बाहेरच्या बाजूला, मानेशी टोचणारी पट्टी नाही. मी जन्मात इतके जपून टाके घातले नव्हते.

आजार समूळ गेला असे मी म्हणणार नाही. थंडीत तो डोके वर काढायचा, परीक्षेच्या दिवसांत हमखास. भिंगरी आता दुसऱ्या गावी शिकते, आणि तिच्या सामानात क्रीमची मोठी बाटली असतेच. आईची नजर अधू झाली, म्हणून माझे टेबल झाले.

मित्रांनो, तुमच्या वर्गात असे कोणी असेल तर त्याच्या शेजारी बसा. तुम्हाला काही होणार नाही. आणि घरातल्या मोठ्यांनो, "खाजवू नकोस" हे त्या लेकराला तुमच्याआधीपासून माहीत आहे. त्याऐवजी त्याला काय करता येत नाही, ते एकदा विचारा. उत्तर ऐकताना जवळ बसायला स्टूल असू द्या.

एक सकाळ मात्र सांगायची राहिली. औषध सुरू होऊन काही आठवडे झाले होते. बाबाला सुट्टी होती. ऊन खोलीभर पसरले तरी आतून काहीच आवाज येईना. आई दबक्या पावलांनी जाऊन पाहून आली आणि तिने तोंडावर पदर धरला. बाबा जाऊन आला.  तेवढ्यात एक गिऱ्हाईक दारात आले आणि म्हणाले, "शिवून झालं का?"

"श्श," बाबा म्हणाला. "मुलगी झोपलीय."

रस्त्यावरून शाळेला निघालेली मुले ओरडत गेली. आईने माझ्या चाकावर हात ठेवला होता, पण ते फिरवले नाही. भिंगरीला कोणी उठवले नाही.